न गळणारे केस जातात कुठे?

परवा लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकांनी रव्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ताई, याचे केस गळत नाहीत ना? नातीसाठी असाच आणायचा म्हणतोय. तिला जरा दम्याचा त्रास आहे, म्हणून म्हटलं हाच बरा."

तिसरा मजला आला. उतरता उतरता मी एवढंच म्हणाले, "काका, इतक्यात आणू नका. आपण बोलू." जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. बागेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, गेल्या चार वर्षांत मला तो सारखा ऐकू आला आहे. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा सांगतो, की त्याला 'नाही' ऐकायचं आहे आणि लगेच फोन करून पिल्लू बुक करायचं आहे.

रवा आमचा लॅब्राडूडल. आई लॅब्राडोर, बाप पूडल. हलक्या हाताने भाजलेल्या रव्याचा रंग, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं. वजन 24 किलो. घरातला सगळ्यांत समजूतदार प्राणी.

त्याचे केस फारसे गळत नाहीत, हे खरं. पण मग जातात कुठे? कुत्र्याचा केस वाढतो, मरतो, सुटतो. लॅब्राडोरचा सुटलेला केस सोफ्यावर पडतो, काळ्या पँटला चिकटतो, वरणात सापडतो. पूडलच्या रक्ताचा केस कुरळा. तो सुटतो आणि शेजारच्या वेटोळ्यात अडकतो. त्याला दुसरा येऊन बिलगतो. आठवड्यात गाठ होते, महिन्यात जट. जे केस आपल्या फरशीवर पडायचे, ते कुत्र्याच्या अंगावर साचतात. घर स्वच्छ राहतं आणि सोसायचं कुत्र्याने.

हे पिल्लू घेताना आम्हाला कुणी सांगितलं नाही. विकणाऱ्याने दोन शब्द दहादा ऐकवले: 'झीरो मेन्टेनन्स'. केस नाही, वास नाही, त्रास नाही. माझ्या नवऱ्याला धुळीची ॲलर्जी. आम्ही लगेच हो म्हटलं.

रवा दहा महिन्यांचा झाला तेव्हा पावसाळा संपत आला होता. वरून कापसासारखा मऊ दिसायचा. येणारा जाणारा कुरवाळायचा. पण डाव्या कानामागे हात गेला की कळवळायचा, एकदा माझ्या मुलीवर गुरगुरलासुद्धा. आम्हाला वाटलं, वयात येतोय, हट्टी झालाय. डॉक्टरांनी टेबलावर घेतला, वरचे केस बोटांनी बाजूला केले आणि मला बोलावलं. "इथे बघा." खाली कातडी दिसतच नव्हती. कानामागून मानेपर्यंत, दोन्ही काखांत, जांघेत, पट्ट्याच्या खाली सलग थर होता. तो पाय टाकायचा तेव्हा काखेतली गाठ कातडी ओढायची. प्रत्येक पावलाला.

त्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन दहा नंबरच्या ब्लेडने सगळं उतरवावं लागलं. दीड तास लागला. केस सुटे पडलेच नाहीत. घोंगडीचा तुकडा निघावा तसे एकसंध निघाले. आतल्या बाजूला ओल होती, कुबट वास होता, कानामागे लालबुंद चट्टा आणि त्यात दोन गोचीड. सासूबाई माझ्यासोबत होत्या. त्यांनी तो तुकडा हातात घेतला. त्यांच्या माहेरच्या गावात जट आलेल्या एक मावशी होत्या. देवीची म्हणून कापायची नाही, मानेवर जन्मभर ओझं, रात्री कूस बदलता येत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आज बायकांची या जाचातून सुटका करतात, तेव्हा तसं कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही जटच की. मुक्या जिवाच्या मानेवर आपण ठेवली."

त्या दिवसापासून मी या कुत्र्यांबद्दल शिकत गेले. आणि शिकताना जे कळलं त्याने विकणाऱ्यांवरचा राग वाढत गेला.

या संकराची गोष्ट सुरू झाली ऑस्ट्रेलियात. 1980च्या दशकात वॉली कॉनरन हे तिथल्या रॉयल गाइड डॉग असोसिएशनमध्ये पैदाशीचं काम बघत. हवाई बेटांवरून एका अंध बाईंनी विचारणा केली: मला वाट दाखवणारा कुत्रा हवा आहे, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी आहे. कॉनरन यांनी तीन वर्षांत 33 पूडल तपासले. एकही त्या कामाला उतरला नाही. मग 1989मध्ये त्यांनी लॅब्राडोर मादीचा पूडल नराशी संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. तो पुढे त्या बाईंचा डोळा झाला.

तिघांत एक. आई तीच, बाप तोच, वेत तेच. या एका आकड्यापुढे सगळ्या जाहिराती खोट्या पडतात. पण गमतीची नव्हे, दुःखाची गोष्ट पुढे आहे. उरलेल्या दोन पिल्लांना घ्यायला कुणी तयार होईना, कारण सगळ्यांना शुद्ध जातीचा कुत्रा हवा होता. म्हणून कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केलं, बातमी झाली आणि फोन थांबेनात. नाव बदललं, कुत्रे तेच. नंतरच्या काळात याच माणसाने जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आपण सुरू केलेल्या गोष्टीचा लोकांनी धंदा केला, आईबापांच्या तब्येती न तपासता पिल्लं काढली, हे त्यांना सलत राहिलं. ज्याने एका बाईची अडचण सोडवायला हे केलं, त्याची ही सल मला खरी वाटते.

आता काकांच्या नातीकडे येते. कुत्र्याची ॲलर्जी केसांची नसते. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत असलेल्या प्रथिनांची असते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे कण हवेत जातात. पूडलही चाटतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी एकेक कुत्रा असलेल्या 173 घरांतली धूळ तपासली. निष्कर्ष 2011मध्ये आले. 'ॲलर्जी न देणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या घरांत आणि बाकीच्या घरांत कुत्र्याच्या मुख्य ॲलर्जीकारक प्रथिनाचं प्रमाण वेगळं नव्हतं. दम्याच्या मुलीला 'हाच बरा' म्हणून कुत्रा आणायचा, तिचा त्याच्यावर जीव जडू द्यायचा आणि तीन महिन्यांनी छातीत घरघर सुरू झाली की त्याला कुठेतरी सोडायचं, ही दोघांची फसवणूक आहे. आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. मग ज्या घरी असा मोठा कुत्रा आहे तिथे तिला घेऊन जा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. तासतासभर बसू द्या, त्याची लाळ हाताला लागू द्या.

विकणारे दुसरी एक भाषा बोलतात. 'एफ वन', 'एफ वन बी'. ऐकायला प्रयोगशाळेतलं वाटतं. एफ वन म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांची पहिली पिढी. तिचा पुन्हा पूडलशी संकर केला की एफ वन बी. एवढंच. कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचं बहुतेक वैविध्य तीन जनुकांच्या जुळणीतून येतं, हे 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं: लांबी, कुरळेपणा आणि तोंडावरच्या मिशा-दाढी. कुणाला यातलं काय मिळेल ते पिल्लाच्या मऊ केसांवरून सांगता येत नाही. एकाच वेतातला एक सरळ केसांचा निघतो आणि भरपूर गळतो, दुसरा मेंढीसारखा. जो विकणारा सहा आठवड्यांच्या पिल्लाकडे बोट दाखवून 'गॅरंटी' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं.

मुळात सहा आठवड्यांचं पिल्लू त्याने विकूच नये. आपल्याकडे 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. पिल्लाची आई दाखवा म्हणा. ती त्याच जागी असली पाहिजे, माणसाजवळ न बिचकता आली पाहिजे. 'आई गावाला आहे' हे उत्तर मला तीन ठिकाणी मिळालं होतं. तेव्हा मी ते ऐकून घेतलं. आज घेतलं नसतं.

आणि 'संकरित म्हणजे निरोगी' हेही तपासून घ्या. लॅब्राडोरचे खुबे सैल असू शकतात, पूडलचेही. डोळ्याचा पडदा झिजत जाऊन आंधळेपण आणणारा एक आनुवंशिक दोष या दोन्ही जातींत आहे, तोच दोष. आईकडून एक आणि बापाकडून एक असा तो दोन्हीकडून आला, तर संकराने काय वाचवलं? लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2024मध्ये 9,402 कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूडलचे तीन लोकप्रिय संकर, त्यांच्या मूळ जाती आणि 57 नेहमीचे आजार. जवळपास 87 टक्के तुलनांमध्ये काहीच फरक दिसला नाही. संकरित कुत्रे अधिक आजारी नाहीत, अधिक धडधाकटही नाहीत. तेव्हा दोन्ही पालकांच्या खुब्यांचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विचारायचाच. 'त्याची गरज नसते' असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवायचे.

मला खरं लिहायचं आहे ते मात्र कंगव्याबद्दल.

आमच्याकडे रात्री साडेआठला बाल्कनीत सतरंजी अंथरली की रवा स्वतःहून येऊन आडवा होतो. वरवर ब्रश फिरवणं म्हणजे विंचरणं नव्हे. आम्ही पहिले दहा महिने तेच करत होतो, वर रेशीम आणि खाली घोंगडी. डाव्या तळव्याने केसांचा थर वर दाबून धरायचा. खाली कातडीची गुलाबी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून बारीक तारांचा स्लिकर ब्रश हलक्या हाताने बाहेर आणायचा. मग खालची दुसरी रेघ, मग तिसरी, भाताची रोपं ओळीने लावावीत तसं. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत. कंगवा न अडता निघाला तर ती जागा झाली. अडला तर गाठ आहे. ती बोटांनी टोकाकडून उकलायची, चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं तर केस सुटायला मदत होते. कात्री लावायची नाही. गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते, ती दिसत नाही, आणि कात्री थेट तिच्यातून जाते. आमच्या ग्रूमरने अशा टाके घातलेल्या जखमा पाहिल्या आहेत.

वीस मिनिटं. रोज. शिवाय दर सहा आठवड्यांनी ग्रूमरकडे केस कापून आणायचे, त्याचे दर वेळी दीड-दोन हजार. लॅब्राडोरच्या घरी झाडू जास्त लागतो, आमच्याकडे कंगवा. कष्ट तेवढेच. फक्त झाडू एक दिवस चुकला तर फरशीला दुखत नाही.

आठ-दहा महिन्यांच्या सुमारास पिल्लाचा मऊ कोट जाऊन मोठ्या कुत्र्याचा येतो, आणि तेव्हा गाठी सर्वांत जास्त होतात. नेमकी हीच वेळ असते कौतुक ओसरायची. त्या दोन महिन्यांत दिवसातून दोनदा कंगवा फिरवा. आणि पिल्लू घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी त्याचे पंजे, कान, काखा हाताळायला लागा, हातात खाऊ ठेवून. मोठेपणी गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागणार नाही.

पावसाळ्याचं वेगळंच आहे. ओली गाठ वाळताना आवळते, म्हणून आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. फिरून आला की टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. मग ड्रायर, कोमट हवेवर, मुळापर्यंत सुकेतो. आषाढात पंख्याखाली वाळेल म्हणून सोडलेला रवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आतून ओलाच असतो, मी हात घालून पाहिलं आहे. कान लोंबते, आत केस, बाहेर दमट हवा. आठवड्यातून दोनदा कान उलटून वास घ्या. आंबूस आला की डॉक्टर. खोबरेल तेल सोडायचं नाही, कुणीही कितीही सांगो. गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या पाळीत बसतात, कुरळ्या केसांत दिसत नाहीत, हातालाच लागतात. त्यांच्यापासून येणाऱ्या तापाने आपल्याकडे कुत्रे दगावतात. औषध महिन्याच्या महिन्याला, तारीख कालनिर्णयवर लिहून.

सत्यनारायणाच्या प्रसादाचंही सांगते. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. द्राक्षंही. 'एवढ्याशाने काय होतं' असं म्हणत पाहुणे हात पुढे करतात. आमच्याकडे आता प्रसाद बेदाण्याविना होतो. हा सासूबाईंचा निर्णय, माझा नाही. कांदा, लसूण, चॉकलेट यांनाही त्याच्या ताटलीत जागा नाही.

लोक या कुत्र्याला खेळणं समजतात, कारण तो खेळण्यासारखा दिसतो. पूडल हा पाण्यात उतरून मारलेले पक्षी आणणारा शिकारी कुत्रा. त्याचं नावच जर्मन भाषेतल्या पाण्यात डुंबण्याच्या शब्दावरून आलं. सांधे आणि छातीवर केस ठेवून बाकी अंग कापायची ती प्रसिद्ध तऱ्हा पोहताना अंग हलकं राहावं आणि नाजूक जागा गार पडू नयेत म्हणून निघाली. लॅब्राडोर मासेमारांच्या होड्यांवरचा. दोन कामकरी घराण्यांचं लेकरू आपण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये आणतो आणि ते दिवसभर एकटं बसून सोफा फाडतं तेव्हा त्याला वाईट वळणाचं म्हणतो. रव्याला सकाळी सूर्य वर यायच्या आत तासभर आणि संध्याकाळी पाऊण तास लागतो. नुसतं चालणं नाही, डोक्याला काम. माझी मुलगी घरभर शेंगदाणे लपवते, तो नाकाने शोधतो. पंधरा मिनिटांत दमून झोपतो.

ज्यांच्याकडे हा वेळ नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आपला देशी कुत्रा आहे. आखूड केस, आठवड्यातून दोनदा हात फिरवला तरी पुरतो, आपला उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला. निवाऱ्यांमध्ये पिल्लं वाट बघत बसली आहेत. प्रेम करण्यात तो तसूभर कमी नाही, आमच्या इमारतीखालची काळी कुत्री याची साक्ष देईल.

काकांना मी रविवारी फोन केला. म्हटलं, "मंगळवारी रात्री साडेआठला नातीला घेऊन या. रव्याला विंचरायचं असतं, तुम्हीच विंचरा." आले. नातीने मास्क लावला होता, ती दाराशी मोड्यावर बसली. काका सतरंजीवर मांडी घालून बसले, चष्मा पुसला, मी दाखवलं तशी केसांची रेघ पाडली. हात थरथरत होता पण हलका होता. रव्याने मान त्यांच्या गुडघ्यावर टाकली. एक कान व्हायला बारा मिनिटं लागली. काकांची पाठ भरून आली, त्यांनी कंगवा खाली ठेवला.

"हे रोज?"

"रोज."

थोडा वेळ ते रव्याच्या कपाळावर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिची आई आठला ऑफिसातून येते. मला संधिवात. कुणी करायचं?" नात काही बोलली नाही. जाताना तिने विचारलं, दर मंगळवारी आलं तर चालेल का. मी म्हटलं, आधी तुझ्या डॉक्टरकाकांना विचार, ते हो म्हणाले तर ये.

दार लावून मी परत सतरंजीवर बसले. दुसऱ्या कानामागे एक गाठ राहिली होती, तुरीच्या दाण्याएवढी. ती उकलली, कंगवा फिरवला. अडला नाही.